अपडेटमध्ये स्वतः बदललेल्या कॉन्फिग फाइली कशा सांभाळायच्या

अपग्रेड चालू असताना टर्मिनल मध्येच थांबतं आणि डीपीकेजी (डेबियन आणि उबंटूवर पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, बसवणारं साधन) विचारतं: ही सेटिंग्जची (कॉन्फिग) फाइल तुम्ही बदललीये, पॅकेजवाल्यांनीही बदललीये, आता काय करू? बरेच जण घाईत एंटर दाबून मोकळे होतात. एंटर म्हणजे ‘एन’, म्हणजे तुमची फाइल जशीच्या तशी राहते. त्या क्षणी हे उत्तर सहसा बरोबर असतं, पण त्याने काम संपत नाही, फक्त पुढे ढकललं जातं.

डेबियन आणि उबंटूवर डीपीकेजी प्रत्येक कॉन्फिग फाइलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ठसा) नोंदवून ठेवतं. अपग्रेडला तीन गोष्टी ताडून पाहिल्या जातात: पॅकेजने मागच्या वेळी दिलेली फाइल, सध्या डिस्कवर असलेली आणि नव्या पॅकेजातली. तुम्ही हात लावलेला नसेल तर नवी फाइल गुपचूप बसते. तुम्ही बदलली पण पॅकेजात बदल नसेल तर तुमची राहते. दोन्हीकडे बदल असेल तरच प्रश्न येतो. म्हणजे प्रश्न आला, याचाच अर्थ नव्या आवृत्तीत काहीतरी वेगळं आहे आणि ते बघायलाच हवं. तुम्ही फाइल मुद्दाम काढून टाकली असेल, तर डीपीकेजी तुमच्या निर्णयाचा मान राखतं आणि ती परत आणत नाही. परत हवीच असेल तर ‘फोर्स-कॉन्फमिस’ हा पर्याय द्यावा लागतो.

प्रश्न आला की आधी ‘डी’ दाबा. दिसणाऱ्या फरकात उणे चिन्हाच्या ओळी तुमच्या, अधिक चिन्हाच्या ओळी पॅकेजच्या. ‘झेड’ने शेल (आज्ञा लिहायची जागा) उघडतं, तिथून फाइली नीट पाहून ‘एक्झिट’ने परत येता येतं. ‘वाय’ म्हटलं तर नवी फाइल बसते आणि तुमची ‘.डीपीकेजी-ओल्ड’ शेपटी लावून बाजूला ठेवली जाते. ‘एन’ म्हटलं तर नवी फाइल ‘.डीपीकेजी-डिस्ट’ म्हणून शेजारी पडते. काही पॅकेजं हे काम यूसीएफ या वेगळ्या साधनाकडे सोपवतात, तिथे शेपटी ‘.यूसीएफ-डिस्ट’ किंवा ‘.यूसीएफ-ओल्ड’ असते.

नुसत्या दोन फाइलींचा फरक फसवतो, लोक चुकतात ते इथेच. एखादी ओळ तुमच्या फाइलीत आहे आणि नव्यात नाही, तर ती तुम्ही घातली की पॅकेजने आता काढून टाकली, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी तिसरी फाइल लागते: जुन्या पॅकेजातली मूळ प्रत. म्हणून मोठ्या अपग्रेडच्या आधी ‘एपीटी डाउनलोड’ने सध्या बसलेल्या आवृत्तीचं पॅकेज उतरवून ठेवा आणि ‘डीपीकेजी-डेब’च्या छोट्या एक्स पर्यायाने एखाद्या तात्पुरत्या डिरेक्टरीत उघडा. मग तीन फाइली जुळवणाऱ्या ‘डिफ३’ला छोटा एम पर्याय आणि तीन फाइली याच क्रमाने द्या: तुमची, मूळ, नवी. क्रम चुकला तर निकाल उलटासुलटा येतो. जिथे दोघांनी एकाच जागी हात लावलाय तिथे खुणा उमटतात, तेवढंच हाताने सोडवायचं. इटीसीकीपर हे साधन आधीपासून बसवलेलं असेल तर /ईटीसीचा (कॉन्फिग फाइलींच्या डिरेक्टरीचा) इतिहास गिट या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत असतोच आणि ते अपग्रेडच्या आधी व नंतर आपोआप कमिट (नोंद) करतं.

अपग्रेड संपल्यावर /ईटीसीमध्ये ‘फाइंड’ चालवून या शेपट्यांच्या फाइली शोधा, जुळवा आणि मग काढून टाका. महिनोन्‌महिने साठू दिल्या की कोणती फाइल कुठल्या अपग्रेडची, हेच कळेनासं होतं. हाताने केलेल्या प्रतींबाबतही सावध राहा. डेबियनवरचं एनजिनएक्स (वेब सर्व्हर) ‘साइट्स-एनेबल्ड’मधली प्रत्येक फाइल वाचतं, शेपटी कुठलीही असो. तिथे ‘डिफॉल्ट.बॅक’ ठेवली की डुप्लिकेट डिफॉल्ट सर्व्हरची तक्रार आलीच.

स्क्रिप्टमधून अपग्रेड करताना फ्रंटएंड ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ (प्रश्न न विचारणारा) केल्याने हा प्रश्न टळत नाही; ती सोय डेबकॉन्फ या पॅकेजांचे सेटअपचे प्रश्न विचारणाऱ्या व्यवस्थेपुरती आहे, हा प्रश्न खुद्द डीपीकेजीचा. उत्तर द्यायला कोणी नसलं की अपग्रेड अर्धवट तुटतं. ‘फोर्स-कॉन्फडेफ’ आणि ‘फोर्स-कॉन्फओल्ड’ हे दोन्ही पर्याय जोडीने द्या. ‘फोर्स-कॉन्फन्यू’ सरसकट लावू नका, सगळे स्थानिक बदल एका फटक्यात बाजूला पडतील.

फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात आरपीएम (तिथलं पॅकेज बसवणारं साधन) काही विचारतच नाही. दोन्हीकडे बदल झालेला असेल आणि पॅकेजात फाइलीवर ‘नोरिप्लेस’ खूण असेल, तर तुमची फाइल राहते आणि नवी ‘.आरपीएमन्यू’ होते. खूण नसेल तर नवी बसते आणि तुमची ‘.आरपीएमसेव्ह’ होते. दुसरा प्रकार जास्त तातडीचा, कारण तुमच्या सेटिंग्ज तेव्हाच निकामी झालेल्या असतात. जुळवायला ‘आरपीएमकॉन्फ’ सोयीचं. आर्च लिनक्सवर ‘.पॅकन्यू’ मिळते आणि ‘पॅकडिफ’ वापरतात. मात्र पासवर्ड, ग्रुप, शॅडो या फाइलींवर पॅकन्यू कधीही सरळ चढवू नका, तुमचे वापरकर्ते उडतील.

सर्व्हिस रीस्टार्ट करण्याआधी तपासणी हवीच: ‘एनजिनएक्स’ला आणि दूरच्या लॉगिनची सर्व्हिस ‘एसएसएचडी’ला छोट्या टीचा (-t) पर्याय द्या, सुडोच्या (प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या) फाइलीसाठी ‘व्हिसुडो’ला छोट्या सीचा (-c). एसएसएचडी बदलताना चालू सेशन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय का ते बघा.

मुळात पॅकेजच्या फाइलीला हातच न लावणं सगळ्यात बरं. शक्य तिथे नावाच्या शेवटी ‘.डी’ असलेल्या डिरेक्टरीत स्वतःची छोटी फाइल ठेवा. सिस्टिमडीसाठी (सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था) ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ ही फाइल आपोआप बनवतं. तिथे ‘एक्झेकस्टार्ट’ (सर्व्हिस सुरू करणारी आज्ञा) बदलायचं तर आधी ते रिकामं लिहून मग नवं लिहा, नाहीतर दोन आज्ञा झाल्या म्हणून सर्व्हिस सुरूच होत नाही. क्रमाचंही भान ठेवा. या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. सिसीटीएल (कर्नेलच्या सेटिंग्ज) आणि सिस्टिमडीत एकाच सेटिंगची शेवटची किंमत लागू होते, एसएसएचडीत बहुतेक सेटिंग्जची पहिली. म्हणून सिसीटीएलमध्ये ९९ने सुरू होणारं नाव जिंकतं, तर एसएसएचडीत १०ने सुरू होणारं. खरोखर काय लागू झालंय ते ‘एसएसएचडी’ला मोठी टी देऊन छापून घेता येतं.