ब्यूफर्टमधील लोकप्रतिनिधींच्या कबरी कशा शोधाव्यात

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील ब्यूफर्ट या छोट्या शहरात जुन्या लोकप्रतिनिधींच्या कबरी शोधायच्या असतील, तर प्रथम अमेरिकी काँग्रेसची चरित्रसूची पाहावी, कारण तीत सदस्याच्या दफनाचे ठिकाणही बहुधा नोंदलेले असते. सुरुवात रॉबर्ट स्मॉल्स (१८३९–१९१५) यांच्यापासून करावी. गुलामीत जन्मलेल्या या माणसाने १८६२ मध्ये ‘प्लँटर’ हे जहाज चार्ल्सटनच्या बंदरातून पळवून कुटुंबासह स्वातंत्र्य मिळवले आणि पुढे राज्याच्या विधिमंडळात व काँग्रेसमध्ये ब्यूफर्टचे प्रतिनिधित्व केले, ही कामगिरी आजही थक्क करते. त्यांची कबर टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात असून तेथे त्यांचा अर्धपुतळाही आहे. नगरसेवक, महापौर अशा व्यक्तींसाठी मात्र चर्चच्या दफननोंदी आणि जुन्या वृत्तपत्रांतील मृत्युवार्ता चाळाव्या लागतात. राज्यभर मृत्युनोंदणी १९१५ मध्ये सुरू झाल्याने त्याआधीचे दाखले सहसा मिळत नाहीत. आवारात जाण्यापूर्वी चर्चची परवानगी घ्यावी. झिजलेली अक्षरे सकाळच्या तिरप्या उन्हात वाचावीत, दगडावर खडू किंवा तारेचा ब्रश मुळीच वापरू नये, आणि छायाचित्रात शेजारच्या कबरीही घ्याव्यात, कारण नात्यागोत्याचा उलगडा बहुधा त्यांवरूनच होतो.