जंगलात पांडा दिसत नाही, मग त्याच्या खुणा कशा ओळखायच्या?

जंगलात पांडा समोर दिसणं फार अवघड, कारण तो एकटाच राहतो, दाट बांबूत बसून खातो आणि चाहूल लागली की सटकतो. २०११ ते २०१४ मध्ये चीनने जी चौथी गणना केली त्यात सिचुआन, शाआन्शी आणि गान्सू या प्रांतांच्या डोंगरांत मिळून १८६४ पांडा निघाले, आणि ते मोजले मुख्यतः विष्ठेवरून! म्हणून सुरुवात तिथूनच करा.

पांडाला बांबू नीट पचतच नाही, खाल्लेल्यातला जेमतेम पाचवा हिस्सा अंगी लागतो, त्यामुळे दिवसाचे १२-१४ तास खाणं चालू आणि विष्ठाही ढिगाने. दोन्ही टोकांना निमुळती, आत बांबूचे तुकडे जसेच्या तसे. हिरवट, ओलसर असेल तर ताजी समजा, वाळून पिवळी पडली असेल तर पांडा केव्हाच पुढे गेलाय. लाल पांडाही त्याच जंगलात असतो पण त्याची विष्ठा अगदीच छोटी असते, घोळ होत नाही.

आता खरी मजा, पांडाच्या विष्ठेतले बांबूच्या दांड्यांचे तुकडे वेगळे काढून त्यांची लांबी मोजा. प्रत्येक पांडाच्या चाव्याची लांबी थोडी वेगळी असते, दोन ठिकाणच्या विष्ठेतल्या तुकड्यांच्या सरासरीत ठळक फरक आला तर पांडा दोन. चिनी पांडा-संशोधक हू जिनचू यांनी रुजवलेली ही पद्धत, मला तरी कमाल वाटते, फक्त एक फूटपट्टी लागते! पण दोघांचा चावा सारखाही निघू शकतो, म्हणून विष्ठा ताजी असेल तर तिच्यावरचा चिकट थर डीएनएसाठी जपून घ्या, आतड्याच्या पेशी त्यातच मिळतात.

शोधायचं कुठे? बांबू असेल तिथेच. उन्हाळ्यात बरेच पांडा वर चढतात, थंडीत खाली येतात, आणि हिवाळाभर झोपून राहत नाहीत त्यामुळे बर्फात ठसेही मिळतात. सोललेल्या सालींचा ढीग दिसला तर तिथे बसून जेवण झालंय. झाडांचे बुंधेही बघा, पांडा शेपटीखालची ग्रंथी घासून वास ठेवतो, नर तर कधी पुढच्या पायांवर उलटा उभा राहून उंचावर मूत्र मारतो.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र झाडाच्या ढोलीत किंवा गुहेत अजिबात डोकावू नका, प्लीज. तेव्हा आत साधारण १०० ग्रॅमचं पिल्लू असू शकतं आणि आई सुरुवातीचे कित्येक दिवस खायलाही बाहेर पडत नाही. जागा लांबूनच नोंदवा आणि आल्या वाटेने परत फिरा.