सलाईन लावायच्या घाईत होणाऱ्या चुका: कॅज्युअल्टीतल्या सिस्टर-ब्रदरनी या टाळा

सोलापुरात मे महिन्यात दुपारची ड्युटी केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, रिक्षातून माणूस आणतात, "सिस्टर, चक्कर आली ओ, लवकर सलाईन लावा" आणि आपण लगेच शीर शोधायला लागतो. मीही तेच केलं होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला यंत्रमाग कामगार, पत्र्याच्या शेडमधनं आणलेला, असंबद्ध बडबडत होता, सोबतचे म्हणाले प्यायला असेल. मी सलाईन लावलं, ताप होता म्हणून ऑर्डरप्रमाणे पॅरासिटामॉल दिलं आणि पुढच्या बेडकडे गेले. दंडाला हात लावला तेव्हाच चटका बसला होता, पण तो चटका काय सांगतोय ते डोक्यात आलं नाही. थोड्या वेळात त्याला फिट आली. तो वाचला, पण थंड करायची सुरुवातीची मिनिटं मी घालवली हे मला आजही टोचतं.

ताप 104 च्या वर आणि भान बिघडलेलं, म्हणजे आधी उष्माघातच धरा. घाम आहे म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, उन्हात कष्ट करणाऱ्याला घामासकट होतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही कारण हा इन्फेक्शनचा ताप नाहीच, शरीराला उष्णता बाहेर टाकता येईना झालेली असते. कपडे काढा, अंगावर पाणी मारत पंखा लावा, काखेत, जांघेत, मानेला बर्फाच्या पिशव्या ठेवा, सलाईन सोबत चालू दे. 102 च्या आसपास आला की थंड करणं थांबवा. पूर्ण शुद्ध नसेल तर तोंडाने पाणी नाही, नातेवाईक कितीही म्हणू देत. आणि बेशुद्ध किंवा बरळणारा कुठलाही पेशंट असो, एचजीटी (बोटाला टोचून रक्तातली शुगर बघणं) केल्याशिवाय पुढे जाऊ नका, "दारू प्यायलाय" म्हणून बाजूला ठेवलेल्याची शुगर 35 इतकी खाली निघू शकते.

दुसरी चूक, आचके देणाऱ्याला "श्वास आहे" समजणं. हार्ट बंद पडल्यावरही काही वेळ माणूस मासा तडफडल्यासारखा तोंड उघडतो, तो श्वास नाही. श्वास आणि नाडी एकदमच बघा, 10 सेकंदांच्या आत, नाडीची खात्री नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे छाती दाबणं, सुरू. मिनिटाला 100 ते 120, मोठ्या माणसात 5 ते 6 सेंटीमीटर खोल, 30 दाबांना 2 श्वास, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. गादीवर करताय तर पाठीखाली बोर्ड घाला, नाहीतर गादीच दबते. दोन मिनिटांनी माणूस बदला, दमलेला हात खोल जात नाही हे त्या हाताला कळत नाही.

इंजेक्शननंतर अंगावर गांधी, धाप, बीपी खाली, म्हणजे जोरदार अॅलर्जी, तर आपला हात सवयीने अॅविल (अॅलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टकडे (स्टेरॉइड) जातो. पहिलं औषध अॅड्रेनालिन, ते एका मिलीत एक मिलिग्रॅमवालं अॅम्प्यूल, मोठ्यांना अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. शिरेतून सरळ मारायचं नाही. फरक नाही पडला तर 5 मिनिटांनी परत. पेशंटला आडवंच ठेवा, एकदम उठवून बसवलं की बीपी कोसळतं, अगदीच धाप असेल तर हळू टेकून बसवा. तुमच्या वॉर्डात यासाठी स्टँडिंग ऑर्डर (डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवलेली लेखी परवानगी) आहे का ते डॉक्टरांना आजच विचारून घ्या.

सर्पदंशाला दोरी करकचून बांधून आणतात. ती झटकन कापू नका, डॉक्टर आणि अँटिव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) तयार असताना सोडा. रक्त गोठतंय का बघायला 2 मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घ्या आणि 20 मिनिटं हलवूसुद्धा नका. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली ट्यूब वापरली की रिझल्ट चुकतो आणि त्यावर पुढची ट्रीटमेंट ठरते!

फिट आलेल्याच्या तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा नाही, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा, 5 मिनिटं ओलांडली की औषध लागतं.

ड्युटी घेताना रजिस्टरवर सही करायच्या आधी क्रॅश ट्रॉली (इमर्जन्सीच्या औषधं-साधनांची गाडी) उघडा, लॅरिंगोस्कोपचा (घशात नळी घालताना आत बघायचं साधन) दिवा लावून बघा, सक्शन चालू करून बघा, आणि ऑक्सिजन सिलिंडरची चावी सिलिंडरलाच बांधलेली आहे का ते हाताने चाचपा.