अलास्कात अस्वलासाठी बंदूक नेताय? मग हे आधी बघा

बंदूक कुठली घ्यायची ते नंतर. आधी स्वतःचा व्हिसा बघा. एच-१बी (नोकरीचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसा असेल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, मग ती मित्राची दोन दिवसांपुरती उसनी का असेना. वैध शिकार परवाना असेल तर सूट मिळते, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या भरवशावर राहू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. ज्यांना बंदूक जमणार नाही त्यांनी बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा, घ्यावा आणि पुढचं तरीही वाचावं, कारण मुख्य मुद्दा दोघांनाही तोच आहे.

हत्यार छातीवर हवं. सॅकमध्ये नको, सॅकच्या वरच्या कप्प्यातही नको. मागच्या खेपेला आमचं तिथेच होतं, रेनकोटाखाली. कमरेला लावू म्हणाल, तर सॅकचा कमरपट्टा नेमका होल्स्टरवर (बंदुकीच्या म्यानावर) बसतो आणि मूठ हाताला लागतच नाही. घरी सॅक पाठीवर चढवून, पट्टे आवळून बघा म्हणजे कळेल. छातीवर आडवं बसणारं होल्स्टर मिळतं, ते घ्या. बंदुकीवर हजार डॉलर घालवायचे आणि होल्स्टरपाशी काटकसर करायची, हे आपल्याकडचं जुनं दुखणं.

एवढं डोकं का खातोय? तपकिरी अस्वल ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरने धावतं. तीस मीटर म्हणजे दोन सेकंद, आणि आल्डरच्या झुडपात तीस मीटरवरचंही दिसत नाही. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो या अस्वलांच्या अभ्यासकांनी आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना तपासल्या. बंदूक जवळ असूनही ती चालवणाऱ्यांत आणि न चालवणाऱ्यांत इजेच्या बाबतीत फरक दिसला नाही. बंदूक फसण्याच्या कारणांत वरचं कारण होतं, वेळच मिळाला नाही. म्हणून म्हणतो, छातीवर.

आता बंदूक. लांब नळीची हवी असेल तर १२ गेजची पंप शॉटगन (दर गोळीनंतर नळीखालची मूठ मागे-पुढे ओढायची), आणि त्यात स्लग. छरे पक्ष्यांसाठी असतात. अस्वलाच्या हाडापर्यंत पोचेल असं एकच जड शिसं हवं. पंप मात्र पूर्ण मागे ओढायची सवय लागते. घाबरलेला माणूस अर्धाच ओढतो, काडतूस अडकतं आणि हातात नुसती काठी उरते. रायफलवाले .३७५ एच अँड एच हे काडतूस वाखाणतात. ३०-०६ असेल तर जड गोळी घ्या. पण खांद्याला लटकवलेली रायफल तंबू ठोकताना, मासे पकडताना झाडाला टेकवली जाते, आणि अस्वल नेमकं तेव्हा येतं. चालणाऱ्यांना .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर किंवा १० एमएम पिस्तूल बरं, हार्ड कास्ट, म्हणजे सहज न चेपणाऱ्या कडक शिशाच्या, गोळ्यांसह. ते छातीवर राहतं, हाच त्याचा मोठा गुण. याहून मोठ्या कॅलिबरच्या नादी लागू नका. पहिल्या धक्क्यानंतर दुसरी गोळी नेमावर लागत नसेल तर ते ओझंच. नेमबाजीच्या रेंजवर जा. उभं राहून, सॅक घालून, छातीवरून काढून मारायचा सराव करा. बाकावर कोपर टेकून मारलेल्या गोळ्या धरू नका.

स्प्रेचं थोडक्यात: सात-आठ मीटरवर चालतो, वारा तोंडावर असेल तर आपल्यालाच प्रसाद. डब्यावरची मुदत बघा. सेफ्टीची क्लिप अंगठ्याने निघते का ते सरावाच्या डब्यावर करून बघा. तोही छातीवर. खरं सांगायचं तर नेमबाजी न येणाऱ्याने स्प्रेच घ्यावा.

प्रवास. बंदूक चेक-इन सामानात, रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून; गोळ्या खोक्यात. स्प्रे विमानात कुठेच चालत नाही, अँकरेजला विकत घ्या. पुढे छोट्या विमानाने जात असाल तर पायलटला आधी सांगा. गाडीने कॅनडातून जाणार असाल तर पिस्तूल विसरा. लांब बंदूक सीमेवर फॉर्म आणि शुल्क भरून नेता येते. २०१० पासून नॅशनल पार्कात राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक नेता येते, व्हिजिटर सेंटरच्या इमारतीत नाही.

आणि अस्वल मारावंच लागलं तर? कातडं नख्यांसकट आणि कवटी काढून सरकारजमा करायची, पंधरा दिवसांत लेखी माहिती द्यायची. अन्न उघड्यावर ठेवल्यामुळे ते आलं असेल तर स्वसंरक्षणाची सबब चालत नाही. तेव्हा चिवडा, लोणचं, टूथपेस्ट, सगळं बेअर कॅनमध्ये (अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात), तंबूपासून लांब.

बाकी टॉर्च, तेल, फडकं वगैरे. रात्री होल्स्टर उशाशी. उरलेला स्प्रे परतीच्या विमानातही नेता येणार नाही, तिथेच कुणाला तरी देऊन टाका.