आर५० की आर५: दुकानात काय तपासावे?
कॅननच्या आर५० आणि आर५ या मिररलेस कॅमेऱ्यांची तुलना करताना २४ आणि ४५ मेगापिक्सेल हे आकडे आधी बाजूला ठेवावेत आणि दुकानात दोन्हींवर रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मोठी फाइल) निवडून शटरचे बटण दाबून धरावे. आर५०चा बफर, म्हणजे छायाचित्रे कार्डावर जाईपर्यंत साठवणारी तात्पुरती जागा, लहान असल्याने तो काही क्षणांतच मंदावतो, तर आर५ बराच वेळ त्याच वेगाने चालतो. लग्नाचे काम घेणाऱ्यांसाठी माझ्या मते याहूनही मोठा फरक मेमरी कार्डांचा आहे: आर५मध्ये दोन कार्डे बसतात, त्यामुळे प्रत्येक छायाचित्र एकाच वेळी दोन्हींवर उतरवता येते, आणि अंतरपाट दूर होण्याचा क्षण काही पुन्हा टिपता येत नाही. शिवाय मंगल कार्यालयाच्या अंधुक उजेडात आर५चा फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मइतका मोठा) सेन्सर आणि हाताची थरथर सावरणारे बॉडीतील स्थिरीकरण कामी येते. आर५०मध्ये ही दोन्ही नाहीत.

पक्षी टिपणाऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा. ४०० मिमीची तीच लेन्स लावून आर५ची चौकट आर५०च्या लहान सेन्सरइतकी कातरली, तर सुमारे १७ मेगापिक्सेलच उरतात, आर५०मध्ये मात्र पूर्ण २४ मिळतात, तेही जवळपास निम्म्या वजनात. दोन्हींना कॅननच्या आरएफ माउंटच्या लेन्स बसतात. म्हणून अशा वेळी आर५० घेऊन वाचलेले पैसे लेन्सवर घालावेत.