मृगाच्या आधी कॅबिनेट उघडा

चिपळुणात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचं म्हणजे निम्मं काम पावसाचं. व्हायरसने आडवी झालेली मशीन टेबलावर येतात, नाही असं नाही. पण वीज, ओल आणि पाली यांनी मारलेली त्याहून जास्त. म्हणून लोक मला अँटिव्हायरस कुठला घेऊ विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो, घरात अर्थिंग आहे का?

कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याच्या, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नाही असंच धरा. एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, थोडा करंट पत्र्यावर येत असतो. तो अर्थच्या वायरीने जमिनीत जायला हवा, वाट मिळाली नाही की पत्र्यावरच राहतो. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीनच्या आत. मीटर अगदी शून्य दाखवत असेल तर लगेच खूश होऊ नका, सॉकेट उघडून बघायला सांगा. काही महाभाग न्यूट्रलची वायर आतल्या आत अर्थच्या पिनेला जोडून मोकळे होतात. पुढे कुठे न्यूट्रल तुटला की तुमच्या अख्ख्या कॅबिनेटवर करंट. जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता.

यूपीएस घ्याच. साधा ६०० व्हीएचा घरी पुरतो. तो दहा-पंधरा मिनिटं देतो, ती फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला. लाईट गेल्यावर काम उरकायला नाही. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते आणि सांगून उतरत नाही. म्हणून मधूनमधून सगळी कामं सेव्ह करून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून बघा. कॉम्प्युटर जागच्या जागी बंद पडला तर बॅटरी बदला, अख्खा यूपीएस नको. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याला मागे यूपीएस मोडचं बटण आहे का ते शोधा, त्यावर लाईट गेल्यावर बदल चटकन होतो आणि मशीन बंद पडत नाही.

आता आकाशातली वीज. आपल्याकडे जुलैच्या झडीत ती कमी, वळवात आणि परतीच्या पावसात जास्त. गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण स्विचमधल्या दोन-चार मिलिमीटरच्या फटीवरून ती सहज उडी मारते. प्लग उपसून बाजूला ठेवा. आणि राउटर विसरू नका! फायबर काचेची असते, तिच्यातून करंट येत नाही. पण राउटरचा अडॅप्टर भिंतीत असतो आणि तिथून नेटची वायर थेट मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावर, येते. ‘प्लग तर काढला होता’ म्हणणाऱ्यांचे बोर्ड याच वाटेने जातात. स्पाइक गार्डवर भिस्त ठेवू नका. त्याच्या आतला रोधक प्रत्येक झटक्याला झिजतो, लाल दिवा मात्र पेटतच राहतो.

मृगाच्या आधी एकदा कॅबिनेट उघडायचा. वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, पडवीत न्या आणि मऊ ब्रश नि ब्लोअरने धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं, गरगरा फिरू द्यायचं नाही. रॅमची (मेमरीची) पट्टी काढून पिवळ्या पिना स्वच्छ खोडरबराने हलक्या घासा, चुरा झटका, टक आवाज येईपर्यंत परत बसवा. बीप वाजून पुढे न जाणारी कितीतरी मशीन एवढ्यावर चालू होतात. एसएमपीएसचा डबा उघडू नका, वायर काढली तरी आत झटका शिल्लक असतो. मागच्या बाजूला मोकळ्या खाचा असतील तर पट्ट्या लावा, पाल तिथूनच शिरते. पावसाळाभर मशीन रोज अर्धा तास तरी चालवा. चाकरमान्यांच्या बंद घरात ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं असतं. ओल आतच कोंडते. सुती कापड टाका, आणि गणपतीत आलात की झाकण काढून दिवसभर फॅनखाली ठेवा, मग चालू करा.

घड्याळ मागे पडतंय आणि वेबसाइट सुरक्षित नसल्याच्या सूचना येतायत? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. स्वस्तात काम होतं.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन विंडोज ११ घेत नसेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम टाका. बँक, मेल, सातबारा सगळं ब्राउझरमध्येच तर आहे. विंडोज ११ असेल तर सोबत येणारा डिफेंडर हाच अँटिव्हायरस पुरे. क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं, सॉफ्टवेअर नको. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा फोन आला तर ठेवून द्या, पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

मशीन बाजारात मिळतं, लग्नाचे फोटो नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर महिन्याकाठी उघडून बघा. निळं असेल तर ठीक. पिवळं दिसलं तर आधी कॉपी, बाकी सगळं नंतर. आजारी डिस्कवर डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली नीट लावणं) वगैरे अजिबात चालवू नका. एसएसडी, म्हणजे नव्या मशीनमधली चिपची डिस्क, बरेचदा तेवढीही सूचना देत नाही.

मूळ धरून प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा ज्यांची बॅकअप डिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात होती, त्यांचं दोन्ही गेलं. दोन बाहेरच्या हार्डडिस्क घ्या. एक घरात माळ्यावर, दुसरी पुण्या-मुंबईच्या मुलाकडे; गणपतीत आणि मे महिन्यात अदलाबदल. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची, कारण लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, मशीनसोबतच कुलूपबंद करतं. गुगलचे फुकटचे १५ जीबी मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असतात, ते कागदपत्रांना ठेवा. सिंकला, म्हणजे मशीन आणि ड्राइव्ह आपोआप सारखं ठेवण्याला, बॅकअप समजू नका, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. आणि अदलाबदलीच्या वेळी चार-दोन फाइली उघडून बघा.

पुराचा इशारा आला की कॅबिनेट आधी वर न्या, मॉनिटर नंतर. तरीही पाण्यात गेलाच तर सुकल्यासारखा दिसला म्हणून चालू करून बघू नका. हार्डडिस्क काढा, उन्हात ठेवू नका, ड्रायर मारू नका, पिशवीत बंद करून तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. बाकीचं मशीन सावकाश आणलंत तरी चालेल.