संडे स्कूलमध्ये गरुडाचा धडा कसा घ्यायचा

सगळ्यात आधी व्हॉट्सअ‍ॅपवरची ती गोष्ट बाजूला ठेवा. चाळिशीतला गरुड डोंगरावर जातो, दगडावर आपटून चोच तोडतो, नखं उपटतो आणि पाच महिन्यांनी नवा होऊन पुढे तीस वर्षं जगतो म्हणे. मी पण ती वर्गात सांगितली होती, तर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, टीचर, चोच नसताना पाच महिने तो खाणार काय? मला उत्तरच देता आलं नाही कारण गोष्टच खोटी आहे, चोचीचं वरचं आवरण आपल्या नखासारखं झिजतं नि वाढत राहतं, अख्खी तुटली तर पक्षी उपाशी मरेल. देवाचं वचन शिकवताना खोट्याचा टेकू कशाला लावायचा, मला याचं मनापासून वाईट वाटतं.

सुरुवात बायबलमधल्या यशया ४०:३१ पासून करा, परमेश्वराची आशा धरणारे गरुडासारखे पंखांनी वर उडतील असं ते वचन आहे. बाबेलच्या बंदिवासात खचलेल्या लोकांना धीर देणारा हा भाग आहे, हे आधी सांगा, मग वचन मुलांकडूनच वाचून घ्या. नंतर सरळ गच्चीवर न्या, सकाळी दहा-अकराला, ऊन तापल्यावर. आपल्याकडे घारी दिसतातच. एकाच घारीवर नजर ठेवायची आणि ती पंख किती वेळा मारते ते मोजायला लावायचं. मुलं मोजायला बसतात आणि आकडा पुढे सरकतच नाही, ती नुसते पंख पसरून गोल गोल वर चढत जाते कारण तापलेली हवा तिला खालून उचलत असते. गरुडही असाच वर जातो. आता विचारा, जोर कुणाचा? मग "परमेश्वराची आशा धरणारे" म्हणजे काय ते फार समजावत बसावं लागत नाही.

घारीचं चित्त पिलापाशी असं आपण म्हणतोच, तिथूनच अनुवाद ३२:११ घ्या, तिथे गरुड पिलांवर पंख पसरतो. स्तोत्र १०३:५ मधलं गरुडासारखं तारुण्य नवं होणं सांगताना पिसं गळून नवी येतात तेवढं पुरे.

मोठ्या मुलांना एक गोष्ट जरूर सांगा, या वचनांत गरुडासाठी आलेला मूळ हिब्रू शब्द 'नेशेर' गिधाडालाही लागू होतो, म्हणून तर मीखा १:१६ मध्ये त्याच्या टकलाचा उल्लेख आहे. गिधाड ऐकून तोंडं वाकडी होतील, होऊ द्या, उंच तरंगण्यात ते कुणाला ऐकत नाही.

चर्चमध्ये चित्रं किंवा रंगीत काचा असतील तर तिथेही न्या. पंख दिसले की गरुड असं नसतं हां, शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांची ही चिन्हं आहेत, पंखवाला सिंह मार्क, पंखवाला बैल लूक, पंखवाला माणूस मत्तय आणि गरुड योहान. हे चार प्राणी यहेज्केल १ आणि प्रकटीकरण ४ मधले आहेत. दुसऱ्या शतकात बिशप इरेनियसने गरुड मार्कला दिला होता, आजची वाटणी बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमची. योहानाला गरुड का, तर त्याचं शुभवर्तमान गोठ्यापासून सुरू होत नाही, थेट "प्रारंभी शब्द होता" इतक्या उंचावरून सुरू होतं.

जुन्या अँग्लिकन चर्चमध्ये बायबल ठेवायला पितळी गरुडाचा स्टँड असतो, पुस्तक त्याच्या पसरलेल्या पंखांवर ठेवतात. तुमच्याकडे असेल तर परवानगी घेऊन एका मुलाला तिथे उभं करा आणि योहान १:१ मोठ्याने वाचायला सांगा, उंची पुरली नाही तर पायाखाली पाट द्या.